‘नाही’च्या पुढचा प्रश्न

तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक कागद आशाताई घरोघरी जाऊन भरतात. आरोग्य खात्यात त्याला ‘सी-बॅक’ फॉर्म म्हणतात. वय, तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशा प्रश्नांमध्येच एक प्रश्न असतो: रोज दारू पिता का? ‘हो’ म्हटलं की एक गुण, ‘नाही’ म्हटलं की शून्य. आंजी (मोठी) प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांत आरोग्य सेविका म्हणून काम करताना या फॉर्मचे गठ्ठे माझ्या टेबलावर यायचे. ते चाळले तर वाटावं, या भागात दारूला कुणी शिवतच नाही. रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. आणि त्याच गावांतून पोट फुगलेली, डोळे पिवळे झालेली चाळिशीतली माणसं आम्ही १०८ मध्ये घालून सेवाग्रामला पाठवत होतो.

आशाताई खोटं लिहीत नव्हत्या. त्या विचारत होत्या, माणसं ‘नाही’ म्हणत होती, त्या शून्य लिहीत होत्या. तिथं थांबायचं नाही, हे शिकायला मला नोकरीतली बरीच वर्षं लागली. लिव्हरचा आजार उशिरा सापडतो याची जी कारणं पुस्तकात आहेत, त्यांत आमच्या जिल्ह्यापुरतं हे एक कारण जोडावं लागेल.

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले, त्या सेगावचं पुढं सेवाग्राम झालं. विनोबांचा आश्रम पवनारला धाम नदीच्या काठी. या दोघांच्या भूमीत दारूचं दुकान असू नये म्हणून १९७०च्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. नंतर १९९३ मध्ये गडचिरोलीत झाली, २०१५ मध्ये चंद्रपुरात झाली. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली, आमची टिकून आहे. मला त्याचा अभिमान आहे, आणि बंदी उठवा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. रस्त्याला लागून दुकान नसलं की शाळेत जाणाऱ्या पोराच्या नजरेला रोज बाटली पडत नाही, हे लहान काम नव्हे.

पण दारू येते. नाल्याच्या काठी, झुडपात मोहाची हातभट्टी लागते. नागपूर, अमरावती, यवतमाळच्या बाजूनं पव्वे येतात. पोलिसांनी धाड घालून मोहाचा सडवा सांडला की चार दिवस शांत, पाचव्या दिवशी धंदा दुसऱ्या शिवारात. आणि परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा असल्यामुळं पिणारा दवाखान्यातही गप्प बसतो. ‘‘सिस्टर, तुमी पोलिसाले तं नाही सांगसान?’’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की पुढं मी तो विचारला जायच्या आधीच उत्तर द्यायला लागले.

बायकांना मात्र सगळं माहीत असतं. अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला त्या जमायच्या. वजनं झाली, लसी झाल्या, की मी लिव्हरचा विषय काढायची. ज्या बाईच्या घरात तो आजार शिरलेला असतो, ती सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसते आणि सगळ्यात लक्ष देऊन ऐकते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून मी कुणाकडं न बघता सांगायची.

उजव्या बाजूच्या खालच्या फासळ्यांवर हात ठेवायला लावायची. या फासळ्यांच्या आत लिव्हर आहे. वजन सव्वा ते दीड किलो. शरीराच्या आतला सगळ्यात मोठा अवयव. जठरातून आणि आतड्यांतून निघणारं रक्त सरळ हृदयाकडं जात नाही, आधी ते एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातले चारांपैकी तीन हिस्से या शिरेतून येतात, एक हिस्सा धमनीतून. मिळून मिनिटाला दीड लिटरच्या आसपास. म्हणजे आपण जे खातो, पितो, जी गोळी घेतो, त्यातलं बहुतेक सगळं अंगभर पसरायच्या आधी लिव्हरसमोर हजर होतं.

मग काम सांगायची. रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी दहाला वावरात शिदोरी सोडणारी बाई मधल्या चौदा तासांत चक्कर येऊन पडत नाही, कारण जेवणातली साखर लिव्हरनं साठवून ठेवलेली असते आणि तो साठा ते हळूहळू सोडत असतं. कापताना विळा लागला तर रक्त थांबतं, कारण रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्यं लिव्हर बनवतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीतच राहतं, बाहेर झिरपून पायावर सूज येत नाही, कारण अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लिव्हर तयार करतं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून पिवळं द्रव्य निघतं, ते पित्तात मिसळून आतड्यात सोडायचं कामही त्याचंच. आतड्यात तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचू नये म्हणून त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढायची सोय तेच करतं.

एवढं सगळं करणाऱ्या या अवयवाला आतून दुखण्याच्या नसा नाहीत. वरच्या आवरणाला आहेत, म्हणून फार सुजलं तर जड वाटतं, दुखतं. एरवी दुखत नाही. शिवाय त्याची राखीव ताकद दांडगी. निरोगी लिव्हरचा दोन तृतीयांश भाग शस्त्रक्रियेत कापून काढला तरी उरलेला वाढून काही आठवड्यांत काम पुरं करायला लागतो. म्हणूनच ‘‘मले कायी होत नाही’’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही होत नसतं. होतं तेव्हा मोठा हिस्सा कामातून गेलेला असतो.

दारूचा हिशेब मी फळ्यावर मांडायची. इंग्लिश दारूचा एक पव्वा १८० मिलीचा. त्यात शेकडा बेचाळीसच्या वर अल्कोहोल, म्हणजे वजनानं साठ ग्रॅम. शरीराला हे साठवता येत नाही. थोडंसं श्वासातून, घामातून, लघवीतून जातं. नव्वद टक्क्यांहून जास्त लिव्हरलाच निस्तरावं लागतं, आणि त्याची गती साधारण तासाला सात ग्रॅम. साठ भागिले सात करा. रात्री आठला पव्वा संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे चारलाही दारू असते. लिंबू पिळा, ताक प्या, थंड पाण्यानं आंघोळ करा, ही गती वाढत नाही. हातभट्टीचा तर हिशेबच मांडता येत नाही. कोणत्या खेपेला किती तेज उतरली ते गाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. हे मिथेनॉल स्वतः तेवढं घातक नसतं. लिव्हर त्यावर नेहमीसारखी प्रक्रिया करतं, त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि ते डोळ्यांची नस मारतं.

दारूवर प्रक्रिया करताना लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं. ते पेशीला जाळतं. पुढं त्याचं निरुपद्रवी द्रव्य होतं, पण रोज नवा पव्वा येत राहिला तर जळणंही रोजचं होतं. आणखी एक गोष्ट होते. लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलेलं असताना नवी साखर बनवायचं काम थांबतं आणि चरबी साठायला लागते. उपाशीपोटी पिऊन पहाटे धुऱ्यावर पडलेल्या माणसाला लोक ‘‘चढली आहे, पडू द्या’’ म्हणून सोडून देतात. त्यांपैकी काहींच्या बोटाला टोचून साखर मोजली तेव्हा ती पन्नासच्याही खाली निघाली. त्याला झोपेची गरज नव्हती, ग्लुकोजची होती. तेही देताना आधी किंवा सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं, आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून वाटेत पडलेल्या पिणाऱ्याला ओलांडून जाऊ नका, हाक मारा, उठतो का बघा, उठत नसेल तर १०८ लावा, असं मी प्रत्येक सभेत सांगत आले.

लिव्हर बिघडण्याच्या पायऱ्या तीन. भरपूर पिणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते हे. दारू पूर्ण सोडली तर बहुतेकांची ही चरबी काही आठवड्यांत उतरते. दुसरी पायरी सुजेची. डोळे पिवळे, ताप, उजवीकडं दुखणं, जेवण नकोसं. ही सूज तीव्र असली तर चांगल्या दवाखान्यातही पहिल्या एक-दोन महिन्यांत माणूस दगावू शकतो. तिसरी पायरी सिरोसिस. जळलेल्या जागी वण पडत पडत लिव्हर आवळतं, गाठाळ होतं. भरपूर पिणाऱ्या शंभरांपैकी दहा ते वीस जण इथवर पोचतात.

हा आकडा सांगितला की एक जण हमखास म्हणणार, ‘‘आमचा बुढा रोज पेत होता, ऐंशी वर्सं जगला.’’ जगला असेल. कुणाचं लिव्हर आवळणार आणि कुणाचं तगणार, हे आधी सांगणारी तपासणी आमच्या केंद्रात नाही, मोठ्या शहरातही खात्रीची नाही. अंगात हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, वजन जास्त असेल, शुगर असेल, बाई असेल, तर कमी दारूतही जास्त नुकसान होतं. बुढ्याच्या ऐंशी वर्षांवर पोरानं स्वतःचा हिशेब बसवू नये.

तिसऱ्या पायरीवरचा एक माणूस मी कधी विसरणार नाही. नाव आणि गाव सांगत नाही. गृहभेटीला गेले होते ती त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाच्या नोंदीसाठी. भाऊ ओसरीत बाजेवर बसलेले. सदऱ्याची वरची बटणं लागलेली, पोटावरची दोन लागत नव्हती. दंडाचं मांस उतरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. तळहात लाल, छातीवर बारीक लाल शिरांचे ठिपके. एका ठिपक्यावर बोट दाबलं, तो पांढरा पडला. बोट उचललं, तर मधून कडेकडे पुन्हा लाल भरत गेला. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्या चिडलेल्या होत्या.

‘‘रातभर जागतेत अन् दिवसा झोपून रायतेत, बाई. परवा गाडीची किल्ली कुठं लावाव तेच समजे नाही. पेऊन आले असतीन, मी बोललीच नाही.’’

मी भाऊंना दोन्ही हात समोर धरून पंजे मागं वळवायला सांगितले, वाहतूक पोलीस गाडी थांबवताना करतो तसे. पंजे स्थिर राहीनात. मधेच खाली पडत, पुन्हा वर येत. मी काकूंना विचारलं, शेवटची कधी घेतली? पंधरा दिवस झाले, जेवणच जात नाही तर दारू कुठून जाईल, त्या म्हणाल्या. संडास? तीन दिवसांपासून नाही. भाऊ प्यालेले नव्हते. लिव्हर अमोनिया आवरेनासं झालं होतं, बद्धकोष्ठानं तो आणखी साचला आणि मेंदूवर चढला होता. रात्र-दिवस उलटे होणं ही त्याचीच खूण. घरच्यांना ते दारूचंच सोंग वाटत होतं. झोप येत नाही म्हणून कुणी मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिली असती, तर ते त्या रात्रीच बेशुद्ध झाले असते.

आम्ही त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवलं. पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोज दिलं, पोटातलं पाणी काढलं, तिसऱ्या दिवशी ते बायकोला नावानं हाक मारायला लागले. दुर्बिणीनं अन्ननलिका तपासली तेव्हा आत शिरा फुगलेल्या दिसल्या. काकूंनी विचारलं, बिघडलं लिव्हर, मग गळ्याखालच्या शिरा का फुगल्या? मी त्यांना त्यांच्याच वावरातलं सांगितलं. पाटात गाळ भरला की पाणी मागं तुंबतं आणि जिथं बांध कच्चा असेल तिथून फुटतं. लिव्हर आवळल्यावर आतड्याकडून येणारं रक्त असंच मागं तुंबतं. प्लीहा फुगते, पोटात पाणी सुटतं, आणि अन्ननलिकेच्या पातळ शिरा ताणल्या जातात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते, संडास डांबरी काळी होते. काकूंना ते क्षणात कळलं. भाऊंच्या शिरांना रबरी बँड घातले, गोळ्या दिल्या. त्यांनी पुन्हा दारू घेतली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी दर महिन्याला जात होते. त्यांना वर्षाच्या वर आयुष्य मिळालं, नातू चालायला लागलेला त्यांनी पाहिला. मग एका रात्री रक्ताची उलटी झाली आणि गाडी पोचायच्या आत ते गेले.

त्यांचाही फॉर्म आमच्याकडं होता. त्यावर शून्य होतं.

भाऊ वर्षभर जगले, त्याचं बरंच श्रेय काकूंच्या स्वयंपाकाला. आपल्याकडं डोळे पिवळे झाले की आधी कावीळ उतरवायला नेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणतात. दवाखान्यात यायला त्यात आठवडा जातो. मग पथ्य सुरू होतं. तेल बंद, वरण बंद, अंडं तर नावालाही नाही. नुसता भात आणि उसाचा रस. पावसाळ्यात गढूळ पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, त्यामुळं श्रेय उतरवणाऱ्याला जातं. दारूच्या लिव्हरला मात्र हे पथ्य मारक आहे. त्या माणसाचं मांस झडत असतं. त्याला वरण, दाणे, दूध, दही, अंडं, सगळं हवं. मीठ कमी, प्रथिनं भरपूर. आणि रात्री निजताना काहीतरी खाल्लंच पाहिजे, कारण त्याच्या लिव्हरमध्ये रात्र काढण्याइतकी साखर साठत नाही. काकू रोज रात्री नऊ वाजता वाटीभर दूध-पोळी कुस्करून द्यायच्या. कुठल्याही टॉनिकपेक्षा ते मोलाचं होतं.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. टीबीच्या औषधांतली तीन औषधं लिव्हरवर ताण देणारी आहेत. सहा महिने टीबीचा उपचार घ्यायचा आणि संध्याकाळी पव्वाही घ्यायचा, हे जमत नाही. कावीळ होते, औषध थांबवावं लागतं, टीबी पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून टीबीचा पेशंट नोंदवला की दारूचं विचारणं मी कधी टाळलं नाही, आणि ‘‘पेत असाल तर औषध बंद करतो’’ असा धाकही कधी घातला नाही. धाक घातला की पेशंट दारू सोडत नाही, दवाखाना सोडतो. अंगदुखीच्या पॅरासिटामॉलचंही तसंच. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये या साध्या गोळीतून जास्त विष तयार होतं. फवारणी करून आलं की अंग दुखतं, पव्वा होतो, वर दोन-दोन गोळ्या होतात. हे आमच्या भागातलं रोजचं आहे.

आणि सर्वांत जपून सांगायची गोष्ट म्हणजे सोडण्याची. देवळात नेऊन शपथ घातली, आजपासून बंद, असं बायका आनंदानं सांगत यायच्या. मी त्यांचा आनंद मोडत नसे, पण लगेच विचारायची: सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घेतल्यावर थांबतात का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाचं शरीर दारूवर टेकलेलं आहे. एकाएकी बंद केली तर पहिल्या दिवसात कंप, घाम, दुसऱ्या दिवसापर्यंत फीट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास आणि बडबड होऊ शकते. तेव्हा लोक म्हणतात, बाहेरचं लागलं. बाहेरचं नसतं, दारू तुटल्याचं असतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. हे टाळता येतं. आठवडाभर औषधं, थायमिन आणि देखरेख मिळाली की माणूस सुखरूप पार पडतो. सोडायचीच, पण दवाखान्याला सांगून सोडायची. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला हे कळायला हवं होतं, की दारू सोडवणं हे औषधाचं, सोबतीचं आणि चिकाटीचं काम आहे. नुसती शपथ त्याला पुरत नाही.

मग विचारायचं कसं? आंजीला सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये ही संस्था सुरू केली ती खेड्यांसाठी डॉक्टर घडवायला, म्हणून तिथली मुलं-मुली आमच्या गावांत शिकायला येतात. त्यांच्यासोबत फिरताना मी त्यांना एकच धडा पुन्हा पुन्हा द्यायची. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यात एकच उत्तर आहे. ते ऐकून घ्यायचं, मान हलवायची, आणि मग पुढचा प्रश्न टाकायचा. आधी कधी घेत होते? किती वर्षं? पोळ्याला, लग्नात घेतली तर अर्धा पव्वा लागतो का पूर्ण? शेवटची कधी? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचा गाभाही हाच: पितो की नाही यापेक्षा किती वेळा, किती, आणि त्यानं आयुष्यात काय बिघडलं. हे सासूसमोर, पोरांसमोर विचारायचं नाही. बीपी मोजताना, पट्टा दंडाला गुंडाळलेला असताना, दोघंच असताना विचारायचं. आणि आधी सांगायचं, हा कागद दवाखान्यात राहतो, ठाण्यात जात नाही.

असंच बीपी मोजताना एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणानं मला ‘नाही’ सांगितलं होतं. पुढच्या प्रश्नाला ‘‘आधी पेत होतो’’ म्हणाला. त्याच्या पुढच्याला, ‘‘आता थोडी, संध्याकाळची.’’ थोडी म्हणजे पव्वा. किती वर्षं? लग्नाच्या आधीपासून. त्याला काही त्रास नव्हता, तो पाठदुखीसाठी आला होता. रक्त तपासलं. लिव्हरची एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही वाढलेली, पहिली दुसरीच्या दुपटीहून जास्त. दारूच्या नुकसानीत हे प्रमाण अनेकदा असं दिसतं. सोनोग्राफीत चरबी. मी त्याच्यासमोर रिपोर्ट ठेवला आणि सांगितलं, हे अजून पूर्ण भरून येतं, पण तुझ्याकडं असा रिपोर्ट किती दिवस राहील ते मला माहीत नाही. त्याचे हात सकाळी थरथरत होते, म्हणून सेवाग्रामच्या मानसोपचार विभागात दाखवून औषधं सुरू केली. तो मधे एकदा पुन्हा घसरला, पोळ्याच्या करीला. बायकोनं मला फोन केला, मी त्याला रागावले नाही, पुन्हा आण म्हटलं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडे जागेवर आलेले. तो कागद घेऊन तो बराच वेळ बाकावर बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता.

त्याच्यात आणि भाऊंच्यात फरक एवढाच, की याला दहा वर्षं आधी विचारलं गेलं.

राज्यघटनेचं ४७वं कलम दारूबंदीचा आधार म्हणून सभांमधून सांगितलं जातं. ते पूर्ण वाचावं. पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य, असं त्यात आधी म्हटलं आहे, आणि मादक पेयांवरची बंदी त्याच कलमात पुढं येते. दोन्ही एकाच कलमात आहेत. वर्ध्यानं त्यातला एक भाग पन्नास वर्षं निष्ठेनं पाळला. दारूबंदीच्या बायका रात्री कंदील घेऊन भट्ट्या शोधत फिरल्या, शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. दुसरा भाग दवाखान्याचा आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिन असावं, लिव्हरची रक्ततपासणी मागता यावी, सोडू पाहणाऱ्याला औषध देणारा आणि महिनोन्महिने विचारपूस करणारा एक माणूस नेमलेला असावा. आणि पिणाऱ्याला दवाखान्याच्या दारात गुन्हेगार वाटू नये. बंदी राखणाऱ्या जिल्ह्यानं हे सगळ्यांत आधी करायला हवं, कारण दारू वाईट आहे हे आपण सगळ्यांत आधी मान्य केलं आहे.

घरच्यांसाठी माझं सांगणं थोडं आहे. नवऱ्याची, भावाची, पोराची दारू दवाखान्यात सांगणं म्हणजे चहाडी नाही. कागदावर खरं लिहू द्या. पायावर सूज, संडास काळी, रात्रीची झोप उडालेली, बोलणं विसंगत, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी गाडी बोलवा. पण त्याची वाट पाहू नका. पोट सपाट असताना, डोळे पांढरे असताना, माणूस स्वतःच्या पायानं पाठदुखीची गोळी मागायला येतो, तेव्हा त्याच्या लिव्हरला भरून यायची ताकद असते. विचारायची आणि सांगायची वेळ तीच.